ज्या स्थानकात गाडी पुढे गेलीच नाही: ब्रुकलिनचे ट्रान्झिट म्युझियम

न्यू यॉर्क पाहायला येणाऱ्या मराठी पाहुण्यांच्या कार्यक्रमात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग ही नावे न विचारताच लिहिली जातात, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचे काय करायचे हा प्रश्न न्यू जर्सीतल्या यजमानांच्या गळ्यात पडतो. त्या अर्ध्या दिवसासाठी मी बरीच वर्षे एकच नाव सुचवत आले आहे: ब्रुकलिनमधले न्यू यॉर्क ट्रान्झिट म्युझियम. जुन्या आगगाड्यांचे संग्रहालय म्हटले की ते लहान मुलांना गुंतवून ठेवण्याचे ठिकाण असावे असा बहुतेकांचा समज होतो. मुले तिथे रमतात हे खरेच आहे, परंतु हे संग्रहालय ज्या बंद पडलेल्या भुयारी स्थानकात थाटलेले आहे, ते कोर्ट स्ट्रीट स्थानक हीच तिथली सर्वांत मोलाची वस्तू आहे असे माझे मत आहे, आणि नेमकी तीच वस्तू पाहायची राहून जाते. म्हणून या परीक्षणात गाड्यांइतकेच स्थानकाविषयी लिहिले आहे.

आधी पत्त्याविषयी, कारण पहिली चूक तिथेच होते. आजच्या सबवेच्या नकाशावर ‘आर’ मार्गावर कोर्ट स्ट्रीट नावाचे एक स्थानक आहे; ते १९२० सालचे असून आजही चालू आहे, आणि संग्रहालय त्यात नाही. संग्रहालयाचे कोर्ट स्ट्रीट स्थानक तिथून काही मिनिटांच्या अंतरावर, बोरम प्लेस आणि शर्महॉर्न स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, जमिनीखाली आहे. बाहेरून पाहिले तर फुटपाथवरून खाली उतरणारा सबवेचा एक साधा जिना दिसतो. इमारत नाही, कमान नाही, भव्य दरवाजा नाही. जर्सीकडून येणाऱ्यांनी न्यू जर्सी आणि मॅनहॅटन जोडणाऱ्या पाथ गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटर गाठावे, तिथून चालत फुल्टन स्ट्रीट स्थानकात जाऊन ‘ए’ किंवा ‘सी’ गाडी पकडावी आणि जे स्ट्रीट-मेट्रोटेक किंवा हॉइट-शर्महॉर्न येथे उतरावे. मी हॉइट-शर्महॉर्न सुचवीन, आणि त्याचे कारण पुढे येईल.

आता हे स्थानक बांधले कोणी आणि ते बंद का पडले, ते पाहू. न्यू यॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली ती खासगी कंपनीच्या हाती, आणि पुढची कित्येक वर्षे आयआरटी व बीएमटी या दोन खासगी कंपन्यांकडेच शहराचे मार्ग होते. १९१८ ते १९२५ या काळात शहराचे महापौर असलेले जॉन हायलन यांना या कंपन्यांचा मनस्वी राग होता. स्वतः हायलन तरुणपणी ब्रुकलिनच्या उन्नत रेल्वेत इंजिनचालक होते आणि तिथून त्यांना कामावरून काढून टाकण्यात आले होते, त्यामुळे या रागात धोरण किती आणि जुना हिशेब किती हे सांगणे अवघड आहे. शहराने स्वतःच्या मालकीची तिसरी व्यवस्था उभारायची आणि खासगी कंपन्यांना शह द्यायचा, या विचारातून आयएनडी ही व्यवस्था जन्माला आली. तिचा पहिला मार्ग १० सप्टेंबर १९३२ रोजी मॅनहॅटनच्या एट्थ अ‍ॅव्हेन्यूखाली सुरू झाला आणि ९ एप्रिल १९३६ रोजी ब्रुकलिनच्या फुल्टन स्ट्रीटखालचा मार्ग उघडला. कोर्ट स्ट्रीट त्याच दिवशी प्रवाशांसाठी खुले झाले.

मूळ आराखडा असा होता की फुल्टन स्ट्रीटवरच्या जलद गाड्यांनी एका बोगद्यातून मॅनहॅटनला जावे, आणि धिम्या गाड्यांनी कोर्ट स्ट्रीटवरून पुढे ईस्ट नदीखालच्या दुसऱ्या, नव्या बोगद्यातून पलीकडे जाऊन सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या नियोजित मार्गाला मिळावे. मुंबईच्या वाचकाला धिम्या आणि जलद गाड्यांचे हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. सेकंड अ‍ॅव्हेन्यूचा मार्ग शहराने १९२९ साली जाहीर केलेल्या मोठ्या विस्तार-योजनेत होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, महामंदी आली आणि योजना कागदावर राहिली. नदीखालचा तो बोगदा खणलाच गेला नाही. कोर्ट स्ट्रीटचा फलाट मात्र तोवर शहराच्या हिशेबात पक्का बसलेला होता, त्यामुळे स्थानक तयार झाले, टाइल्स लागल्या, जिने झाले आणि पुढे जायला वाटच नाही अशा अवस्थेत ते उघडले.

उघडल्यानंतर तिथे ‘एचएच’ नावाची एक शटल गाडी कोर्ट स्ट्रीट ते हॉइट-शर्महॉर्न एवढेच अंतर ये-जा करू लागली. म्हणजे एका स्थानकाचा प्रवास. त्या गाडीत बसून हॉइटला उतरायचे, तिथे दुसरी गाडी बदलायची आणि मग मॅनहॅटनला जायचे, असा द्राविडी प्राणायाम कोण करणार? बरो हॉल, जे स्ट्रीट आणि दुसरे कोर्ट स्ट्रीट ही स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि तिथून थेट गाड्या सुटत होत्या. परिणामी १ जून १९४६ रोजी, उघडल्यापासून जेमतेम दहा वर्षांत, स्थानक बंद झाले. दहा डब्यांची गाडी सहज उभी राहील असा फलाट एका शटलच्या सेवेला जुंपलेला होता, यातच त्याचे भवितव्य आले.

बंद स्थानकांचे पुढे काय होते, याचे आपल्याकडचे उदाहरण फार बोलके आहे. बी.बी. अँड सी.आय. रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे, कुलाबा टर्मिनस बॉम्बे सेंट्रल सुरू झाल्यावर १९३० सालच्या अखेरीस बंद झाले, तिची लोकल चर्चगेटपर्यंत मागे आली आणि कुलाब्याच्या त्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत उभी आहे. जमिनीवरच्या स्थानकाची जमीन मोलाची असते, म्हणून ते पाडले जाते. कोर्ट स्ट्रीट जमिनीखाली होते, त्याच्या जागेची कोणालाच गरज नव्हती, आणि रूळ मुख्य मार्गाला जोडलेले राहिल्यामुळे ते रेल्वेला सोयीचे होते. मधल्या काळात चित्रीकरणासाठी त्याचा उपयोग झाला. भुयारी गाडीच्या अपहरणावरचा १९७४ सालचा एक गाजलेला चित्रपट इथेच चित्रित झाला. खरी गाडी, खरा फलाट आणि वाटेत येणारा एकही प्रवासी नाही, हे चित्रपटवाल्यांना आणखी कुठे मिळणार होते?

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याची २०० वर्षे साजरी होत होती. त्या वेळी न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावरून नुकतेच मागे आले होते, गाड्या रंगाच्या फवाऱ्यांनी माखलेल्या होत्या आणि सबवेचे नाव काढले की लोकांच्या कपाळावर आठ्या पडत. अशा दिवसांत ट्रान्झिट अथॉरिटीने जपून ठेवलेले जुने डबे या फलाटावर आणून उभे केले आणि ४ जुलै १९७६ रोजी ‘न्यू यॉर्क सिटी ट्रान्झिट एक्झिबिट’ नावाचे प्रदर्शन उघडले. प्रवेशमूल्य म्हणून सबवेचे एक टोकन घेतले जाई. प्रदर्शन त्या उन्हाळ्यापुरतेच भरवायचे ठरले होते, पण गर्दी हटेना, तेव्हा ते तसेच चालू ठेवले गेले आणि पुढे त्याचे कायमचे संग्रहालय झाले. प्रवाशांनी पाठ फिरवलेल्या स्थानकाला प्रेक्षकांनी असा आश्रय दिला.

संग्रहालयाचे दोन मजले आहेत. जिना उतरून आपण पूर्वीच्या तिकीट खिडक्यांच्या मजल्यावर येतो. तिथे भाड्याचा, बांधकामाचा आणि रस्त्यावरच्या ट्राम-बसचा इतिहास मांडला आहे. त्याखाली फलाट आणि दोन्ही बाजूंच्या रुळांवर उभ्या असलेल्या गाड्या. बहुतेक लोक वरच्या मजल्यावर तासभर घालवतात आणि थकलेल्या पायांनी खाली जातात. माझा आग्रह असा की आधी फलाटावर जावे आणि वरचा मजला परतताना पाहावा. तरीही इथे मी वरच्या मजल्यापासूनच सुरुवात करते, कारण खालच्या मजल्याविषयी सांगायचे पुष्कळ आहे.

वरच्या मजल्यावर मला सर्वांत आवडते ते भाडे वसुलीच्या यंत्रांचे दालन. १९०४ ते १९४८ अशी तब्बल ४४ वर्षे सबवेचे भाडे ५ सेंट राहिले. दोन महायुद्धे आणि एक महामंदी येऊन गेली तरी भाडे वाढवण्याची हिंमत एकाही राजकारण्याला झाली नाही, आणि खासगी कंपन्या बुडण्याचे तेही एक मोठे कारण होते. १९४८ साली ते १० सेंट झाले, म्हणजे यंत्रात ५ सेंटच्या नाण्याऐवजी १० सेंटचे नाणे टाकायचे. १९५३ साली १५ सेंट झाले तेव्हा मात्र पंचाईत झाली, कारण १५ सेंटचे एक नाणे अस्तित्वातच नव्हते आणि यंत्र एकाच नाण्याचे होते. त्या अडचणीतून पितळी टोकन जन्माला आले. मधोमध ‘वाय’ अक्षर कोरून काढलेले ते पहिले, लहानसे टोकन इथे जवळून पाहता येते. नखाएवढ्या त्या चकतीतले भोक इतके नाजूक आहे की हजारो हात आणि हजारो यंत्रे फिरूनही ते टिकले कसे याचे नवल वाटते. पुढची टोकने आकाराने वाढली, मग त्यांतले भोक गेले, मग मधे वेगळ्या धातूचा ठिपका आला आणि १९९५ साली शहराच्या पाच बरोंची, म्हणजे विभागांची, खूण म्हणून पंचकोनी छिद्र आले. २००३ साली टोकन इतिहासजमा झाले.

टोकनाच्या लबाड्यांचा इतिहास टोकनापेक्षा रंजक आहे. १९८० च्या दशकात कनेक्टिकट राज्यातल्या टोल रस्त्याचे साडेसतरा सेंटचे टोकन न्यू यॉर्कच्या ७५ सेंटच्या यंत्रात बिनबोभाट चालते असे लोकांच्या लक्षात आले, आणि दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांमध्ये त्यावरून बरीच वर्षे जुंपली. दुसरा प्रकार किळसवाणा होता: यंत्राच्या खाचेत कागद कोंबून ठेवायचा, प्रवाशाचे टोकन अडकले की तो वैतागून निघून गेल्यावर खाचेला तोंड लावून टोकन ओढून घ्यायचे. या चोरांचा बंदोबस्त करण्यासाठी काही खिडक्यांवरचे कर्मचारी खाचेला मिरचीपूड फासून ठेवत. ही गोष्ट मी ज्या ज्या पाहुण्यांना सांगितली आहे, त्यांतल्या बायकांनी त्या कर्मचाऱ्यांच्या बुद्धीचे मनापासून कौतुक केले आहे.

बांधकामाच्या दालनात छायाचित्रे बारकाईने पाहावीत. नदीखालचे बोगदे खणणाऱ्या कामगारांना न्यू यॉर्कमध्ये ‘सँडहॉग’ म्हणतात. वरचे पाणी आणि गाळ आत घुसू नये म्हणून बोगद्यात दाबाखालची हवा भरलेली असे आणि माणसे त्या दाबात काम करीत. १९१६ साली ईस्ट नदीखाली माँटेग्यू स्ट्रीटच्या बोगद्याचे काम चालू असताना छताच्या मातीला भगदाड पडले आणि दाबाखालची हवा तीन कामगारांना घेऊन नदीच्या तळातून वर उसळली. दोघे दगावले, मार्शल मेबी हा तिसरा कामगार पाण्याच्या पृष्ठभागावर फेकला गेला आणि जिवंत राहिला. आज ‘आर’ गाडी त्याच बोगद्यातून दुसऱ्या कोर्ट स्ट्रीटला येते. नदीखालून एक बोगदा नेणे म्हणजे काय असते हे एकदा कळले, की आपण उभे आहोत त्या स्थानकाचा बोगदा मंदीच्या काळात का राहून गेला असेल, हेही उमजते.

मुलांसाठी बसचे दर्शनी भाग आणि चालकाची आसने आहेत. त्यांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. मुलांना तिथून उठवणे कठीण जाते एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता फलाट. मधोमध एकच फलाट, दोन्ही अंगांना एकेक रूळ आणि त्यांवर १९०० च्या दशकापासूनचे डबे ओळीने उभे, दारे उघडी. काचेमागे ठेवलेले, दोरी बांधून दूर राखलेले असे जवळजवळ काही नाही. आत जावे, बसावे, वरच्या कडीला हात घालून उभे राहावे. डब्यांतल्या जाहिरातीसुद्धा त्या त्या काळातल्या लावलेल्या आहेत. त्यांत ‘मिस सबवेज’ या १९४१ ते १९७६ या काळात चाललेल्या स्पर्धेतल्या तरुणींची हसरी पोस्टरे आढळतात. डबे अधूनमधून हलवले जातात, त्यामुळे प्रत्येक भेटीत तीच रांग दिसेल असे नाही.

सर्वांत जुने डबे लाकडी आहेत. ब्रुकलिनच्या उन्नत मार्गांवर धावणाऱ्या या डब्यांच्या दोन्ही टोकांना उघडे सज्जे असून त्यांना लोखंडी फाटके आहेत. गार्ड दोन डब्यांच्या मध्ये उभा राहून तरफेने ती फाटके उघडी-बंद करीत असे. दिसायला ही रचना गोड आहे, पण अशाच लाकडी डब्यांचा एक भीषण इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९१८ च्या संध्याकाळी, मोटरमनांचा संप चालू असताना, पुरेसे प्रशिक्षण नसलेल्या एका कर्मचाऱ्याच्या हाती गाडी देण्यात आली आणि माल्बोन स्ट्रीटजवळच्या बोगद्याच्या तोंडाशी, अवघड वळणावर ती अतिवेगाने रुळांवरून घसरली. लाकडी डब्यांच्या चिरफळ्या उडाल्या आणि किमान ९३ प्रवासी मृत्युमुखी पडले. बदनामी इतकी झाली की पुढे रस्त्याचेच नाव बदलण्यात आले. ती गाडी चालवणारी कंपनी त्या वर्षाच्या अखेरीस डबघाईला आली.

मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालेले माझे मामा इथे आले होते तेव्हा वेताच्या आसनांकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. ते एका डब्यातल्या मोटरमनच्या कप्प्याच्या काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, “अगं, हँडलवरचा हात सुटला की गाडी आपोआप थांबते ना, तीच सोय इथेही आहे. आम्ही डेडमन म्हणायचो.” मग मामींना हाक मारून, जन्मभर आपण ते हँडल कसे दाबून धरत होतो याचे प्रात्यक्षिक त्यांनी हवेतच करून दाखवले. मामी वेताच्या आसनावर बसल्या होत्या. “घरी पण असंच दाबून धरायचे हो सगळं,” एवढेच त्या म्हणाल्या.

हायलन यांच्या आयएनडीसाठी १९३० च्या सुमारास घेतलेल्या ‘आर-१’ मालिकेचे डबे हे या स्थानकाचे खरे घरचे डबे. गडद रंगाचे पोलादी अंग, छताला पात्यांचे पंखे, उघडे पिवळे दिवे आणि वेताची आसने. कोर्ट स्ट्रीट चालू होते तेव्हा या मार्गांवर याच पिढीचे डबे धावत, म्हणून त्या आसनावर बसून खिडकीबाहेरचा फलाट पाहिला की १९३६ साली प्रवाशाला काय दिसत असेल याचा अंदाज येतो. एका कोपऱ्यात १९६४ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी फिकट निळा आणि पांढरा रंग दिलेला डबाही आहे, आणि छायाचित्रांसाठी तिथे नेहमी झुंबड असते.

मी ज्याच्यासाठी पुन्हा पुन्हा जाते तो डबा मात्र ‘आर-११’. १९४९ साली फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने असे फक्त दहा डबे बनवले. स्टेनलेस स्टीलचे चकचकीत अंग आणि दारांना जहाजाच्या केबिनला असतात तशा गोल खिडक्या. प्रत्येक डब्याला १ लाख डॉलरहून अधिक खर्च आला, म्हणून या गाडीला ‘मिलियन डॉलर ट्रेन’ म्हणत. हवा गाळून आत सोडण्याची व्यवस्था तर होतीच, शिवाय जंतू मारण्यासाठी अतिनील किरणांचे दिवे बसवले होते. (करोनाच्या साथीत, २०२० साली, सबवेने अतिनील दिव्यांचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा वृत्तपत्रांनी तो अगदी नवा म्हणून छापला.) ही गाडी बनवली गेली होती सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या मार्गासाठी. युद्धानंतर तो मार्ग होणार असे सर्वांना वाटत होते. १९५१ साली मतदारांनी ५० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यताही दिली, पण तो पैसा जुन्या मार्गांच्या डागडुजीत संपला. दहा डबे इतर मार्गांवर फिरले, त्यांचा थाट हळूहळू काढून टाकण्यात आला, आणि त्यांतला एक इथे येऊन थांबला.

म्हणजे जो मार्ग यावा म्हणून हे स्थानक बांधले, त्याच मार्गावर धावावा म्हणून हा डबा बनवला. मार्ग आला नाही आणि दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. हा योग कोणी मुद्दाम जुळवून आणला असेल असे मला वाटत नाही, पण संपूर्ण संग्रहालयात याहून अर्थपूर्ण जोडी नाही. सेकंड अ‍ॅव्हेन्यूचा पहिला तुकडा अखेर १ जानेवारी २०१७ रोजी सुरू झाला, तोही मॅनहॅटनच्या वरच्या भागात. ब्रुकलिन त्याच्यापासून कोसो दूर आहे.

डबे पाहून झाले की फलाटाच्या दोन्ही टोकांना जावे. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. एका टोकाला रूळ संपतात. नदीकडची बाजू ती, बोगद्याने जिथून पुढे जायचे होते ती. दुसऱ्या टोकाला रूळ अंधारात शिरून हॉइट-शर्महॉर्नला जाऊन मिळतात, आणि ते अजूनही जिवंत आहेत. गाडीला वीज पुरवण्यासाठी बाजूने टाकलेल्या तिसऱ्या रुळात विजेचा प्रवाह चालू असतो, त्यामुळे मुलांचा हात सोडू नये आणि सूचनांच्या पाट्या शोभेच्या समजू नयेत. मुंबईत १९२५ पासून डोक्यावरच्या तारेने चालणाऱ्या लोकलची सवय असलेल्या आपल्या माणसांना पायाशी वीज असते हे पटकन ध्यानात येत नाही. फलाटावरच सिग्नलची जुनी केबिनही आहे. याच रुळांवरून जुने डबे बाहेर काढून संग्रहालय खास फेऱ्या चालवते. डिसेंबरात तर १९३० च्या दशकातल्या डब्यांची गाडी नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्याच भाड्यात धावते. जमले तर ती फेरी चुकवू नये, कारण पंख्यांचा आवाज आणि डब्यांची खडखड उभ्या गाडीत ऐकू येत नाही.

स्थानकाच्या भिंतींकडेही जरा पाहावे. आयएनडीच्या स्थानकांचे वास्तुकार स्क्वायर व्हिकर्स यांनी नक्षी आणि कमानी जवळपास टाळल्या. पांढऱ्या टाइल्स आणि त्यांतून जाणारा एक रंगीत पट्टा एवढाच थाट. काहींना हे रुक्ष वाटते. मला त्यात काटकसरीचा नीटनेटकेपणा दिसतो, आणि डब्यांचे रंग या साध्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात.

ज्यांना नक्षीच पाहायची आहे त्यांच्यासाठी मॅनहॅटनमधले जुने सिटी हॉल स्थानक आहे. १९०४ साली सबवे सुरू झाली ती तिथूनच. ग्वास्ताविनो पद्धतीच्या टाइल्सच्या कमानी, छतातल्या काचा आणि पितळी झुंबरे असा त्याचा डौल आहे. ते ३१ डिसेंबर १९४५ रोजी, म्हणजे कोर्ट स्ट्रीटच्या पाच महिने आधी, बंद झाले. त्याचे दुखणे उलट होते: फलाट वळणाचा आणि आखूड, गाड्या लांब झाल्या, डब्यांना मधली दारे आली आणि फलाट व दार यांत धोकादायक फट पडू लागली. त्यातच पुढचे स्थानक अगदी हाकेच्या अंतरावर होते. सिटी हॉलच्या मार्गदर्शित फेऱ्या हेच संग्रहालय आयोजित करते, परंतु त्या केवळ सभासदांना खुल्या असतात आणि जागा झटपट संपतात. सभासद नसलेल्यांनी ‘६’ क्रमांकाच्या गाडीत शेवटच्या स्थानकानंतरही बसून राहावे. गाडी वळसा घेताना त्याच फलाटावरून जाते आणि काही क्षण कमानी दिसतात.

तिकीट मोठ्यांना १० डॉलर, मुलांना व ज्येष्ठांना ५ डॉलर असे बरीच वर्षे राहिले आहे. मॅनहॅटनच्या गच्च्यांवर चढण्यासाठी जे पैसे मोजावे लागतात त्यांच्या तुलनेत हे फारच वाजवी म्हणावे लागेल. आठवड्यातले काही दिवस संग्रहालय बंद असते आणि इतर दिवसांच्या वेळाही बदलतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. शनिवार-रविवारी मुलांची गर्दी असते. निवांत पाहायचे तर इतर दिवशी दुपारी जावे. अडीच तास हाताशी ठेवावेत. दुकानात सबवेच्या नकाशाचे टॉवेल आणि मोजे मिळतात, ते पुण्या-मुंबईच्या नातलगांना आवडतात, पण किमती पाहून घ्याव्यात.

हॉइट-शर्महॉर्नला उतरण्याचे कारण सांगायचे राहिले होते. तिथे गाड्या थांबतात त्या फलाटांच्या बाहेरच्या अंगाला आणखी दोन रूळ आणि दोन रिकामे फलाट आहेत. एचएच शटल तिथून सुटत असे, आणि संग्रहालयातले डबे आजही त्याच रुळांवरून बाहेर पडतात. संग्रहालय पाहण्याआधी ते नुसते ओसाड फलाट वाटतात, म्हणून परतीची गाडीही तिथूनच पकडावी. सभासदत्वाबद्दल विचाराल, तर वर्षातून एकदाच येणार असाल तर साधे तिकीट पुरे. सिटी हॉलची फेरी हवी असेल किंवा घरी आगगाडीवेडे मूल असेल, तरच सभासद व्हावे.